किशोरवयातलं आकर्षण आणि नाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या प्रश्नपेटीत चार घड्या घालून टाकलेल्या चिठ्ठ्या, रात्री उशिरा आलेले मेसेज आणि पालकसभा संपल्यावर मागे रेंगाळून हळू आवाजात विचारलेले प्रश्न यांतून हे पान तयार झालं आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मुलामुलींशी मी ‘तू’ म्हणून बोलते, पालकांशी ‘तुम्ही’. फोटोवरून कोणी धमकावत असेल तर बाकी सगळं सोड आणि आधी प्रश्न ११ वाच.

१. मला आमच्या वर्गातली एक मुलगी खूप आवडते. हे खरं प्रेम आहे की नुसतं आकर्षण?

तुला जे वाटतंय ते खरं आहे, एवढं आधी घट्ट धर. ‘नुसतं’ हा शब्द बहुतेक मोठ्या माणसांकडून आलेला असतो. आकर्षण सुरू होतं ते एखाद्या गोष्टीवरून: तिचं हसणं, फळ्यावर गणित सोडवण्याची तिची पद्धत, गॅदरिंगमधला तिचा नाच. बाकीची मुलगी आपण मनातच तयार करतो. प्रेमाला ओळख लागते आणि ओळखीला वेळ लागतो. तिला राग कशाचा येतो? चूक झाली की ती कबूल करते की दुसऱ्यावर ढकलते? तुझ्याशी मतभेद झाला तर कशी वागते? हे माहीत नसेल तर सध्या ते आकर्षण आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आजच त्याला नाव द्यायची घाई कशाला?

२. हे सगळं याच वयात का होतं? मागच्या वर्षीपर्यंत असं काहीच नव्हतं.

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला इशारा जातो. मग मुलींमध्ये इस्ट्रोजेन आणि मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढू लागतं. शरीर बदलतं, त्याबरोबर मनही बदलतं. आवडती व्यक्ती दिसली की मेंदूत डोपामिन हे रसायन वाढतं, म्हणून छाती धडधडते आणि तीच ती व्यक्ती सारखी आठवते. परिणामांचा विचार करणारा, स्वतःला थोपवणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्यामुळे या वयात भावना पूर्ण जोरात असतात आणि सबुरी अजून शिकायची असते. रात्री अकराला पाठवलेला मेसेज सकाळी सातला आपल्यालाच वाचवत नाही, तो यामुळे. तेव्हा रात्री लिहिलेलं सकाळी पाठवावं. इतका साधा नियमसुद्धा पुष्कळ वाचवतो.

३. माझ्या सगळ्या मैत्रिणींना कोणी ना कोणी आवडतं. मला कोणीच आवडत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. कोणाला बाराव्या वर्षी असं वाटू लागतं, कोणाला विसाव्या, काहींना कधीच फारसं वाटत नाही. ‘तुझा क्रश कोण?’ या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून एखाद्याचं नाव घेऊ नकोस. ते नाव संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर गेलेलं असतं आणि मग नसलेलं निस्तरत बसावं लागतं.

४. मला तो आवडतो हे त्याला सांगू की नको? सांगायचं तर कसं?

सांगायलाच हवं असं काही नाही. आवडणं मनात ठेवूनही छान मैत्री करता येते, आणि बऱ्याचदा काही महिन्यांत ती ओढ आपोआप ओसरते. सांगायचंच असेल तर स्वतः सांग, मैत्रिणीकरवी नको. वहीत चिठ्ठी ठेवू नकोस, कारण वह्या वर्गभर फिरतात. स्टेटस ठेवून ‘समजणाऱ्याला समजेल’ असंही नको. रोझ डेला सगळ्या ग्रुपसमोर गुलाब दिलं की समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. ते विचारणं राहत नाही, अडवणूक होते.

एसटी स्टँडवर, क्लासच्या बाहेर, जिथे तो सहज निघून जाऊ शकेल अशा ठिकाणी दोन वाक्यांत सांगावं: ‘तू मला आवडतोस. तुला तसं वाटत नसेल तरी चालेल, आपण आहोत तसेच बोलत राहू.’ आणि मग खरंच तसं वागावं. ‘विचार करून सांगतो’ म्हणाला तर त्याला विचार करू द्यावा. रोज रात्री ‘मग काय ठरलं?’ विचारू नये.

५. ती नाही म्हणाली. मित्र म्हणतात, मुली आधी नाहीच म्हणतात, मागे लागावं लागतं. खरं आहे का?

खोटं आहे, आणि हे खोटं मुलींना फार महागात पडतं. तुझ्या बाजूने तो चिवटपणा वाटतो. तिच्या बाजूने काय होतं ते बघ. ती नेहमीची बस सोडून पुढची पकडते. क्लासला जाताना धाकट्या भावाला सोबत घेते. घरी कळलं तर तुझ्याऐवजी तिचाच क्लास बंद होतो, आणि लहान गावात कधी कधी शाळाही. तुझ्या ‘मागे लागण्या’ची किंमत ती तिच्या शिक्षणाने चुकवते. मुलांशी बोलताना मी दर वेळी हे सांगते, कारण हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. कळलं की बहुतेक मुलं खरोखर थांबतात.

कायद्याचं सांगायचं तर, नको म्हटल्यावरही एखाद्या स्त्रीचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नवीन नंबरवरून मेसेज करणं, फेक अकाउंट काढून तिच्या स्टोरी बघणं हेही त्यातच येतं. ती गप्प राहिली, हसून विषय बदलला, ‘सीन’ करून उत्तर दिलं नाही, यातलं काहीही होकार नाही.

तुला दुःख होणार. त्याचं काय करायचं ते प्रश्न १० मध्ये आहे.

६. वर्गातली मुलं मला एका मुलाच्या नावाने चिडवतात. मी दिसले की ‘वहिनी आली’ म्हणून ओरडतात. आमचं तसं काहीच नाही.

याला गंमत म्हणतात, पण मधल्या सुट्टीत डबा खायला वर्गाबाहेर जावं लागणं ही गंमत नव्हे. त्या मुलाशी बोलणं होत असेल तर त्याला एकदा सांग की त्याने स्वतः मित्रांना थांबवावं. त्याचा शब्द तिथे जास्त चालतो, आणि बऱ्याचदा त्यालाही ते नकोच असतं. थांबलं नाही तर वर्गशिक्षकांना सांग, कोण काय म्हणतं ते नावानिशी.

शिक्षकांनाही एक विनंती. काही शाळांत यावर उपाय म्हणून दोघांना उभं करून राखी बांधायला लावतात. त्याने चिडवणं थांबत नाही, फक्त दोघांचा सगळ्यांसमोर अपमान होतो. बोलायचं ते चिडवणाऱ्यांशी बोला.

७. मला हे नातं संपवायचंय, पण तो म्हणतो मी हात कापून घेईन. मी काय करू?

दोन गोष्टी एकाच वेळी कर. त्याची धमकी खरी मान आणि त्याच्या जवळच्या एखाद्या मोठ्या माणसाला लगेच सांग: त्याची आई, ताई, काका, शिक्षक, जो कोणी विश्वासाचा असेल. ‘कोणाला सांगितलंस तर बघ’ असं त्याने बजावलं असलं तरीही सांग. जिवाच्या गोष्टीत गुपित पाळायचं नसतं. दुसरं म्हणजे, या भीतीपोटी नात्यात राहू नकोस. त्याला आधार हवाय हे खरं, पण तो आधार सोळा वर्षांच्या मुलीने एकटीने द्यायचा नसतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर त्याच्यासाठीही आणि तुझ्यासाठीही बोलता येतं. त्याने काही केलं तर ती तुझी चूक नसेल. हे वाक्य पुन्हा वाच.

८. तो म्हणतो, ‘मला तुझी काळजी वाटते म्हणून पासवर्ड मागतो.’ हे बरोबर आहे का?

काळजी करणारा ‘घरी पोचलीस का?’ विचारतो आणि ‘हो’ म्हटल्यावर निवांत होतो. ताबा हवा असणारा लाइव्ह लोकेशन मागतो, मग फोटो मागतो, मग ‘शेजारी कोणाचा आवाज येतोय?’ विचारतो. लास्ट सीन तपासणं, मित्रांना ब्लॉक करायला लावणं, ओढणी का नाही घेतली विचारणं, उत्तर द्यायला अर्धा तास झाला की वीस मिस्ड कॉल हे सगळं एकाच माळेचे मणी. मुलीही मुलांशी असं वागतात आणि मुलगा ते कोणाला सांगत नाही, कारण मित्र हसतील.

एक सोपी परीक्षा आहे. एखाद्या छोट्या गोष्टीला ‘नाही’ म्हणून बघ. ‘आज फोनवर नाही बोलणार, झोपते.’ तेवढं म्हणतानाही पोटात गोळा येत असेल तर त्या नात्यात भीती शिरली आहे. पासवर्ड दिला असेल तर आजच बदल.

९. दहावीचं वर्ष आहे. या नादात मार्क गेले तर?

जाऊ शकतात. पण मार्क बहुतेक वेळा आवडण्याने जात नाहीत, रात्री दोनपर्यंतच्या चॅटिंगने आणि भांडण-पॅचअपच्या फेऱ्यांनी जातात. दोघांनी मिळून वेळ ठरवा: अमुक वाजता फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. समोरच्याला ते मान्य नसेल तर प्रश्न ८ वाच.

१०. आमचं ब्रेकअप झालं. जेवण जात नाही, झोप येत नाही. सगळे म्हणतात, ‘हे काय वय आहे का रडायचं?’

वय आहे. पहिलं दुःख कमी दुखतं असं कोणी सांगितलं? उलट याआधी असं काही सोसून आपण बाहेर आलोय याचा अनुभव गाठीशी नसतो, त्यामुळे हे कायमच असं राहणार असं वाटतं. तसं राहत नाही.

काही दिवस त्याच्या किंवा तिच्या स्टोरी म्यूट कर, निदान रात्री बघू नकोस. रागाच्या भरात जुने मेसेज, फोटो ग्रुपवर टाकू नकोस. ज्याने विश्वासाने लिहिलं त्याचा तो विश्वास नातं संपल्यावरही पाळायचा असतो. एका माणसाला सगळं सांग, दहा जणांना थोडं थोडं नको, कारण दहा जणांकडून दहा सल्ले येतात आणि गोष्ट गावभर होते. जेवायची इच्छा नसली तरी ताटावर बस. ढोलपथक, कबड्डी, चित्रकला, जे मागे पडलं होतं तिथे परत जा. पहिले दिवस यांत्रिक वाटेल, तरी जा.

दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, अभ्यास काहीच रुळावर येत नसेल, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील तर वाट बघू नकोस. १४४१६ वर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

११. मी त्याला माझा एक खाजगी फोटो पाठवला होता. आता तो म्हणतो, भेटायला ये नाहीतर सगळीकडे टाकतो. घरी कळलं तर मला मारतील.

घाबरलेली असशील. क्रमाने करू.

भेटायला जाऊ नकोस, पैसे देऊ नकोस आणि आणखी एकही फोटो पाठवू नकोस. धमकावणारा एकदा मिळालं म्हणून थांबत नाही, पुढच्या वेळी जास्त मागतो. त्याचे मेसेज डिलीट करू नकोस. नंबर, प्रोफाइलचं नाव, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर. तुझ्या त्या फोटोचे स्क्रीनशॉट मात्र कोणालाही पाठवू नकोस, मदत करणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. त्याचं कारण खाली आहे.

मग एका मोठ्या माणसाला सांग. आईला सांगणं जमत नसेल तर मावशी, आत्या, शाळेतल्या बाई. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथल्या ताई-दादांना हे प्रश्न नवीन नसतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. आणि ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, अठराच्या आतल्यांच्या फोटोंसाठी. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. तुझ्या फोनवरच त्या फोटोची एक आकड्यांची खूण तयार होते, फक्त ती खूण इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्यांना जाते आणि त्यावरून फोटो ओळखून काढला जातो.

कायदा इथे तुझ्या बाजूला आहे. अठराखालच्या व्यक्तीचा असा फोटो काढून घेणं, जवळ ठेवणं, पुढे पाठवणं हे पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ख खाली गुन्हे आहेत. असं साहित्य नुसतं साठवून ठेवण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिला. म्हणून ज्या मुलांच्या ग्रुपवर असा फोटो येतो त्यांनाही सांगते: ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ हा बचाव होत नाही.

फोटो पाठवणं ही फार तर भोळेपणाची गोष्ट होती. धमकी देणं हा गुन्हा आहे, आणि तो त्याने केलाय. घरच्यांना हे पान दाखव, त्यांच्यासाठी प्रश्न १८ आहे.

१२. इन्स्टावर ओळख झालेला एक जण २४ वर्षांचा आहे, मी १५. तो मला खूप समजून घेतो. आमच्या क्लासच्या सरांबद्दलही माझ्या मैत्रिणीला असंच वाटतं.

शिक्षक, कोच, एखादा मोठा दादा आवडणं अगदी नेहमीचं आहे. त्यात मैत्रिणीचं काही चुकलं नाही. मर्यादा पाळायची जबाबदारी पूर्णपणे त्या मोठ्या माणसाची असते. शिक्षकाने किंवा संस्थेतल्या माणसाने विद्यार्थ्याशी लैंगिक वर्तन केलं तर पोक्सोमध्ये तो अधिक गंभीर गुन्हा धरला जातो.

तुझ्याबद्दल बोलायचं तर, २४ वर्षांच्या माणसाला त्याच्या वयाच्या मैत्रिणी मिळू शकतात. तो पंधरा वर्षांच्या मुलीला का शोधतो, हा प्रश्न स्वतःला विचार. ‘तू वयापेक्षा मॅच्युअर आहेस’, ‘तुझ्या घरच्यांना तू कळलीच नाहीस’, ‘आपलं कोणाला सांगू नको’ ही तीन वाक्यं जाळ्यात ओढणारे लोक हमखास वापरतात. तिसरं वाक्य आलं की थांब आणि सांग. एकटीने भेटायला तर मुळीच जाऊ नकोस.

१३. आम्ही दोघं १७ वर्षांचे आहोत, दोघांच्या मर्जीने आहे. मग कायद्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो नीट समजून घे. एकमेकांना आवडणं, बोलणं, वडापाव खायला जाणं हा गुन्हा नाही. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण पालक ‘पोलिसांत देईन’ म्हणून याच गोष्टींवरून घाबरवतात.

लैंगिक संबंध आणि लैंगिक हेतूने केलेला स्पर्श यांच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा अठराखालच्या प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, बालक मानतो. बालकाची संमती हा कायदा धरतच नाही. त्याआधी भारतीय दंड संहितेत हे वय १६ होतं. २०१३ च्या दुरुस्तीनंतर तिथेही १८ झालं.

प्रत्यक्षात काय होतं? बहुतेक वेळा तक्रार मुलीच्या घरून येते आणि मुलगा आरोपी होतो. तो अठराखालचा असेल तर कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणून बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो. सोळा पूर्ण असतील आणि गुन्हा अतिगंभीर असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याचीही तपासणी होऊ शकते. तो अठरा पूर्ण असेल तर खटला विशेष न्यायालयात चालतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शरीरसंबंधाच्या गुन्ह्याला किमान शिक्षा १० वर्षं आहे, आणि मुलगी सोळाच्या आतली असेल तर २० वर्षं. ‘आमचं प्रेम आहे’ असं मुलीने सांगितलं तरी गुन्हा नोंदवला जातो.

हा कायदा मुलांना मोठ्यांच्या अत्याचारापासून वाचवण्यासाठी आला, आणि त्यासाठी तो हवाच. पण त्यात सतरा वर्षांची दोन मुलंही सापडतात आणि त्यांची उमेदीची वर्षं कोर्टाच्या तारखांमध्ये जातात. याने मी फार अस्वस्थ होते. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात वय कमी करू नये असंच सांगितलं, मात्र १६ ते १८ मधल्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत विवेकाने निर्णय घेता यावा असं सुचवलं. वयाची रेषा अठरालाच आहे. तुमचं नातं खरं असेल तर त्याला अठरापर्यंत थांबायला जमेल.

१४. घरचे दुसरीकडे लग्न ठरवतायत. आम्ही पळून जाऊन मंदिरात लग्न केलं तर मग कोणी काही करू शकणार नाही ना?

करू शकतात, आणि जास्तच करतात. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ नुसार मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा. अठराखालच्या व्यक्तीला पालकांच्या ताब्यातून नेलं की अपहरणाचा गुन्हा लागतो, ती व्यक्ती स्वतःहून आली असली तरी. लग्नाने प्रश्न १३ मधली कलमं टळत नाहीत. पत्नी अठराखालची असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुलगी सापडल्यावर बालकल्याण समितीपुढे नेली जाते, आणि घरी जायला तयार नसेल तर बालगृहात राहते.

पण तुझ्या प्रश्नाचा पहिला भाग जास्त महत्त्वाचा आहे. तुझं लग्न अठराच्या आत लावत असतील तर गुन्हा ते लोक करतायत. १०९८ ला कळव. गावात ग्रामसेवक आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लग्न थांबवायला पळून जावं लागत नाही.

एक अपवादाची स्थिती नेहमी विचारली जाते: मुलगी १८ पूर्ण, मुलगा १९. लग्न अजून कायद्यात बसत नाही, पण दोघंही सज्ञान आहेत. सज्ञान व्यक्तीला कोणाबरोबर राहायचं ते निवडण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय.

१५. आमची जात वेगळी आहे. घरी कळलं तर त्याला जिवंत सोडणार नाहीत.

ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही, कारण आपल्या महाराष्ट्रात असे खून झालेले आहेत. म्हणून सुरक्षितता आधी. कोणाच्या फोनमध्ये काय आहे, गावात कोणाला काय माहीत आहे, याचा दोघांनी शांतपणे विचार करा. चिडून घरात ‘मी त्याच्याशीच लग्न करणार’ असं जाहीर करायची ही वेळ नव्हे. मारहाण झाली, कोंडून ठेवलं, धमकी आली तर ११२ किंवा १०९८. सज्ञान जोडप्यांना संरक्षण द्यावं, त्यासाठी सुरक्षित निवारे आणि विशेष कक्ष असावेत, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये राज्यांना दिले आहेत. पण ते सज्ञान झाल्यानंतरचं. तोवर शिक्षण पूर्ण करणं आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं यासारखं संरक्षण दुसरं नाही. पुढे त्याच बळावर उभं राहायचंय.

१६. मी मुलगा आहे आणि मला मुलगेच आवडतात. हे बरं होतं का?

हा आजार नाही, त्यामुळे ‘बरं होण्या’चा प्रश्न येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. औषधाने, पूजेने किंवा लग्न लावून हे ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, मग तो डॉक्टर असला तरी. घरी सांगायची घाई करू नकोस. आधी तुला स्वीकारणारा एक माणूस शोध. कोणी तुझं हे गुपित फोडायची धमकी दिली तर प्रश्न ११ मधले उपाय इथेही लागू पडतात. प्रश्न १ ते १० मधलं सगळं तुझ्यासाठीही तसंच्या तसं आहे.

१७. समुपदेशकाला सांगितलं तर घरी कळेल का?

सगळं कळत नाही. कोण आवडतं, काय भांडण झालं, रात्री रडू का येतं हे तुझ्या आणि समुपदेशकाच्या मध्ये राहतं. तीन ठिकाणी गुप्तता पाळता येत नाही: तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याच्या जिवाला असेल, किंवा अठराखालच्या कोणावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं असेल. शेवटच्या बाबतीत पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. (अशी माहिती दिली नाही म्हणून मुलाला किंवा मुलीला मात्र शिक्षा होत नाही.) चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो. नाही सांगितलं तर तू विचार.

याच कारणाने मुली पाळी चुकली तरी दवाखान्यात जात नाहीत. त्यांना सांगायलाच हवं की अठराखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते आणि पोलिसांना कळवावंही लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. उशीर करणं, मेडिकलमधून कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या आणून घेणं, हा जिवाशी खेळ आहे.

१८. मुलीच्या फोनमध्ये एका मुलाचे मेसेज सापडले. आम्ही फोन काढून घेतला, क्लास बंद केला. आता ती बोलतच नाही.

तुमची घालमेल समजते. पण तिच्या बाजूने काय शिकवण गेली ते बघा: घरी कळलं की शिक्षण जातं. उद्या कोणी तिला खरोखर धमकावलं तर ती तुम्हाला सांगेल का? माझ्याकडे आलेल्या बहुतेक बिकट प्रकरणांत मूळ गोष्ट छोटी होती. घरी सांगता येत नाही म्हणून ती वाढत गेली.

क्लास आधी सुरू करा. मग स्वयंपाकघरात, गाडीवर, जिथे समोरासमोर बसून चौकशी होत नाही अशा ठिकाणी बोला. ‘कोण आहे तो?’ याने सुरुवात नको. ‘मी चिडले, मला भीती वाटली. तू कशी आहेस?’ याने करा. मेसेजमध्ये जबरदस्ती, धमकी, मोठ्या वयाचा माणूस, पैसे किंवा फोटो दिसले तर मात्र लगेच हालचाल करा, पण तिला बरोबर घेऊन. नुसती मुलामुलीतली गोड बोलणी असतील तर वेळेचे नियम ठरवा आणि थोडं सोडून द्या. आणि तुमच्या मुलाच्या फोनमध्ये असेच मेसेज सापडले असते तर तुम्ही काय केलं असतं, याचंही उत्तर प्रामाणिकपणे द्या.

१९. शाळेत असल्या विषयांवर बोललं की मुलं बिघडणार नाहीत का?

मुलांना प्रश्न पडलेलेच असतात. आपण उत्तर दिलं नाही तर मोबाइल देतो. मराठीत हा वाद नवाही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांनी दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं. तेव्हा वाचक जे विचारत होते, त्यातलं बरंचसं आजही प्रश्नपेटीत येतं.

२०. आमच्या गावात समुपदेशक नाही. जायचं कुठे?

जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं. केसपेपर काढताना कारण सांगायची लाज वाटत असेल तर ‘मैत्री क्लिनिकला जायचंय’ एवढंच म्हण, तेवढं पुरतं. जाण्याआधी आशाताईंना विचारून समुपदेशक कोणत्या वारी बसतात ते माहीत करून घे, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. मैत्रिणीला किंवा मित्राला सोबत नेलं तरी चालतं. तेही जमत नसेल तर फोन आहेच: मनाच्या त्रासासाठी १४४१६, कोणी त्रास देत असेल तर १०९८, आत्ताच्या आत्ता धोका असेल तर ११२. स्वतःचा मोबाइल नसेल तर शाळेतल्या बाईंचा किंवा मैत्रिणीच्या घरचा फोन माग, आणि बोलून झाल्यावर कॉल लिस्टमधून नंबर काढून टाक.